डाव्या मागच्या चाकाचेच स्टड पुन्हा पुन्हा का तुटतात?

रानवाट

नमस्कार मंडळी. गाडीच्या एकाच चाकाने जीव मेटाकुटीला आणलाय. छोटी हॅचबॅक आहे, मागे ड्रम ब्रेक, प्रत्येक चाकाला चार स्टड (हबमध्ये, म्हणजे चाक ज्या फिरत्या बैठकीवर बसतं तिच्यात, रुतवलेले आटेदार खिळे, ज्यांवर नट आवळतात), माप एम१२ x १.५ (१२ मिलिमीटर व्यास, आट्यांमधलं अंतर १.५). चारही चाकांना बाजारातून घेतलेले अलॉय आहेत, स्टेपनी मात्र कंपनीची लोखंडी.

डाव्या मागच्या चाकाचे स्टड तुटत राहतात. आधी हळू वेगात त्या बाजूने टक् टक् असा आवाज येऊ लागतो. उतरून पाना लावावा तर एक नट स्टडच्या तुकड्यासकट हातात येतो. गॅरेजमध्ये नवे स्टड टाकले की काही आठवडे सगळं ठीक, मग पुन्हा तेच. मागच्या वेळी "जास्त मजबूत" म्हणून १२.९ ग्रेडचे (ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीचा दर्जा) बसवून घेतले, तेही गेले. गॅरेजवाल्यांचं एकच म्हणणं, हल्ली मालच खराब येतो. पण मग बाकीच्या तीन चाकांना तोच खराब माल कसा काय टिकतो?

मधल्या काळात टायर रोटेशन झालं. चाकं इकडची तिकडे गेली, तुटायची जागा बदलली नाही. घरच्यांना घेऊन मोठ्या रस्त्याला निघायचं म्हटलं की आता धास्ती वाटते. शोध कुठून सुरू करावा?

तिसरा_गिअर

एअर गन. दुसरं काही नाही. बहुतेक ठिकाणी गन लावून भुर्रर्र करतात आणि मोकळे होतात. साध्या गनमध्येही ४००-५०० न्यूटन-मीटरचा दणका असतो, आणि तुमच्या स्टडला हवेत साधारण १०० ते ११०. स्टड ताणून ताणून तुटणारच.

डोंगरपायथा

+१. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला 'क्लिक' होणारा पाना) घ्या आणि स्वतः आवळा.

सावली_उन्हातली

मागे सामान खूप भरता का? ओव्हरलोडने असं होऊ शकतं.

पानापक्कड

रानवाट, सगळ्यात आधी एक काम करा. कारण सापडेपर्यंत त्या चाकावर गाडी चालवू नका, अगदी जवळच्या फेरीलाही नाही. चारातला एक स्टड गेला की त्याचा भार उरलेल्या तिघांवर येतो, त्यातही शेजारच्या दोघांवर जास्त. दुसरा तुटायला मग वेळ लागत नाही, आणि दोन गेल्यावर चाक निसटू शकतं.

सावलीताई, ओव्हरलोड असता तर उजव्या बाजूलाही काहीतरी झालं असतं. सामान फक्त डाव्या चाकावर बसत नाही. गनबद्दलही तेच म्हणेन. चारही चाकं एकाच माणसाने एकाच गनने आवळली असणार. गन वाईटच, पण एकाच जागी का, याचं उत्तर ती देत नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठा धागादोरा तुम्ही स्वतःच दिलाय: चाकं बदलली तरी जागा बदलली नाही. म्हणजे दोष चाकासोबत फिरत नाही, तो गाडीच्या त्या कोपऱ्यात बसलेला आहे. हब, ड्रम, स्टड बसवायची पद्धत, बेअरिंग यांतलं काहीतरी. आता एवढं सांगा. स्टड नेमका कुठे तुटतो, नटाच्या आत, नटाच्या तोंडाशी की हबच्या पृष्ठभागाशी? दरवेळी कुठलाही तुटतो की ठरावीकच? तुटलेले तुकडे ठेवलेत का? आणि हे सुरू व्हायच्या आधी त्या चाकावर शेवटचं काय काम झालं होतं?

धातुवेडा

तुकडे असतील तर टाकून देऊ नका, स्टड का मेला ते त्याच्या तुटलेल्या तोंडावर लिहिलेलं असतं. भिंग घेऊन उजेडात बघा.

जास्त आवळल्यामुळे तुटलेला स्टड तुटण्यापूर्वी ताणला जातो. आटे लांबट झालेले दिसतात, तुटल्याजागी कंबर बारीक झालेली असते, किंवा पीळ पडल्याच्या गोल रेषा दिसतात. असा स्टड बहुधा आवळताना किंवा सोडवतानाच हातात येतो.

तुमचे स्टड मात्र चालत्या गाडीत, काही आठवड्यांनी तुटतात. तो थकव्याचा प्रकार वाटतो. तार मागेपुढे वाकवत राहिलं की एका क्षणी तुटते, तसाच. तुटलेल्या तोंडाचा मोठा भाग गुळगुळीत, सपाट, त्यावर समुद्रकिनाऱ्यावरच्या लाटांच्या खुणांसारख्या अर्धगोल रेषा, आणि उरलेला छोटा भाग खडबडीत, दाणेदार. चीर गुळगुळीत भागात रोज थोडी थोडी पुढे सरकलेली असते, खडबडीत भाग शेवटच्या झटक्यात तुटलेला. चाक एका किलोमीटरला साधारण ५०० फेरे मारतं. दर फेऱ्याला स्टड किंचित वाकत असेल, तर हजार किलोमीटरला पाच लाख वेळा वाकला. कुठलंही पोलाद कधीतरी हार मानणार.

पण चाक नीट बसलं असेल तर स्टड वाकायचं कारणच नसतं. गाडीचं वजन स्टडवर टांगलेलं असतं अशी बऱ्याच जणांची समजूत असते. तसं नाही. स्टडचं काम फक्त ताणलेल्या स्प्रिंगसारखं चाकाला हबवर दाबून धरणं. वजन, ब्रेकचा जोर, वळणावरचा रेटा हे सगळं चाक आणि हब यांच्या चिकटलेल्या पृष्ठभागांमधलं घर्षण पेलतं. एम१२ x १.५ चा कोरडा स्टड ११० न्यूटन-मीटरला आवळला की तो साधारण साडेचार टन जोराने चाक दाबतो. चार स्टड मिळून अठरा टन. इतक्या दाबाखाली चाक हबवर केसभरही सरकत नाही.

आता यातली नाजूक बाब. एवढ्या जोराने ताणलेला स्टड लांबीने वाढतो तो जेमतेम ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. सगळी पकड त्या एवढ्याशा ताणात साठवलेली असते. चाक आणि हबच्या मध्ये गंज, जाड रंग, खडा, काहीही दबणारं असेल आणि ते चालताना तेवढंच दबलं, तर नट एक अंशही न फिरता पकड निघून जाते. चाक हबवर सूक्ष्म हलायला लागतं आणि स्टड दर फेऱ्याला वाकायला लागतो. म्हणून असे स्टड बहुतेक वेळा कमजोर असतात म्हणून नव्हे, तर ढिले पडतात म्हणून तुटतात.

त्यामुळे १२.९ चा उपाय मुळातच चुकीच्या दिशेचा. आट्याच्या खाचेत थकवा सोसायची ताकद ग्रेडबरोबर फारशी वाढत नाही. उलट इतक्या कडक पोलादावर विद्युत मुलामा असेल तर हायड्रोजनमुळे ठिसूळपणा येण्याचा धोका वाढतो. कंपनीने १०.९ दिला असेल तर १०.९ च लावा.

तिसरा_गिअर

धातुवेडा, छान समजावलंत. पण एकाच कोपऱ्यात गन जास्त चालली असेल ही शक्यता उरतेच ना? कधी शेवटचं चाक म्हणून जोर जास्त.

धातुवेडा

उरते. म्हणूनच तुकडे बघायचे. अंदाज करण्यापेक्षा तोंड बघणं सोपं आहे.

रानवाट

तुमच्या प्रश्नांमुळे आज बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच नीट पाहिल्या. गाडी जॅकवर उभी आहे, हलवत नाही.

तुकडे गॅरेजमधून मागून आणले. तोंडाचा दोन तृतीयांश भाग गुळगुळीत आहे, रेषा अगदी तुम्ही सांगितल्या तशा. कडेला खडबडीत चंद्रकोर. आटे ताणलेले नाहीत, नवा नट हाताने शेवटपर्यंत फिरतो. तुटायची जागा नटाच्या आतला पहिला दुसरा आटा.

कुठले तुटतात याची नोंद नव्हती, पण गॅरेजच्या पोराला पक्कं आठवतंय: दरवेळी शेजारशेजारचे तेच दोन. समोरचे दोन एकदाही तुटलेले नाहीत.

आधीचं काम म्हणाल तर मागचे ब्रेक लायनर बदलले होते, दोन्ही बाजूंचे. त्याच वेळी डावा ड्रम नवा टाकला. आणि हो, मध्ये एकदा बराच काळ तिथे लोखंडी स्टेपनी होती. त्या काळात काहीच तुटलं नाही. तेव्हा वाटलं, योगायोग.

वळणावळणाने

स्टेपनीवर तुटलं नाही म्हणजे अलॉयचाच दोष. नट तपासलेत का? लोखंडी रिमचे नट अलॉयला चालतीलच असं नाही. बाजारातल्या बहुतेक अलॉयला ६० अंशांची शंकूसारखी बैठक असते. काही गाड्यांचे मूळ नट चेंडूसारख्या गोल बैठकीचे असतात, होंडाचे तसेच, तर काहींचे सपाट वॉशरवाले. गोल नट शंकूच्या भोकात बसवला की तो पूर्ण टेकत नाही, एका बारीक कड्यावर टेकतो. कडा दबली की पकड गेली.

पीसीडीही (स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) मोजा. ४ x ९८ आणि ४ x १०० डोळ्यांना सारखेच दिसतात. एकावर दुसरं चाक जबरदस्तीने चढतं, पण प्रत्येक स्टड १ मिलिमीटर बाजूला ओढला जातो.

पानापक्कड

वळणावळणाने, मुद्दे रास्त आहेत. अलॉय वापरणाऱ्या प्रत्येकाने ते तपासावेत. मधलं भोक हबच्या खांद्यावर नेमकं बसतं का, नसेल तर मध्ये रिंग आहे का, हेही त्यात धरा. पण नट किंवा पीसीडी चुकलं असतं तर चारही कोपऱ्यांत त्रास झाला असता, आणि एका चाकाचे चारही स्टड आलटून पालटून गेले असते. इथे ठरावीक कोपरा, त्यातही ठरावीक दोन शेजारी, आणि तेही फक्त अलॉय असताना.

रानवाट, या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की मला एकच गोष्ट दिसते. त्या दोन स्टडच्या मधल्या जागेत ड्रमवर काहीतरी वर आलेलं आहे. लोखंडी रिमचा मागचा चेहरा सपाट नसतो, नटांच्या भोवतीच उंचवटे असतात आणि मध्ये पोकळी. तिथे एखादं टेंगूळ लपून जातं. बऱ्याच अलॉयचा चेहरा पूर्ण सपाट असतो, तिथे लपायला जागा नाही. चाक त्या टेंगळावर चढून बसतं.

ड्रमवर बघायच्या जागा सांगतो. ड्रम हबला धरून ठेवणारा छोटा स्क्रू. ड्रम ओढून काढायला दिलेल्या आट्यांच्या भोकांत विसरलेला बोल्ट. स्टडवर कारखान्यात बसवलेली पातळ पत्र्याची क्लिप. ओतकामाचा उरलेला कंगोरा. आणि त्याआधी अलॉय उलटा करून त्याचा मागचा चेहरा पुसून बघा. तिथे खूण सापडलीच पाहिजे. शक्य असेल तर जे चाक रोटेशनमध्ये डाव्या मागून दुसरीकडे गेलं, तेही काढून बघा.

रानवाट

काका, सापडलं!!

डाव्या मागच्या अलॉयच्या मागे, दोन भोकांच्या मधोमध, गोल चकतीसारखा दाबलेला खड्डा आहे. बोटाला लागतो. त्याच्या समोरच्या बाजूला चेहरा आरशासारखा घासलेला आणि नटांच्या भोवती काळी पूड. मग रोटेशनमध्ये उजवीकडे पुढे गेलेलं चाक काढलं. त्यालाही तसाच खड्डा, तेवढाच. उरलेल्या दोन चाकांना काही नाही.

ड्रमवर, त्या नेमक्या जागी, स्क्रू आहे. उजव्या ड्रमचा स्क्रू तिरप्या डोक्याचा आहे, खोबणीत पूर्ण बुडतो, वरून बोट फिरवलं तर कळतही नाही. डाव्या ड्रमला साधा घुमटाकार डोक्याचा स्क्रू लावलाय. पट्टी आडवी धरून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घातला, डोकं १ मिलिमीटरपेक्षा थोडं जास्तच वर आहे. ड्रम बदलताना मूळ स्क्रू हरवला किंवा खराब झाला असणार आणि हाताला लागला तो बसवला गेला.

एका स्क्रूने इतके स्टड खाल्ले. मुलं मागच्या सीटवर बसतात, तेच चाक. विचार करून अंगावर काटा येतो.

सावली_उन्हातली

बापरे. वेळेवर सापडलं, हेच मोठं.

धातुवेडा

आता सगळं जुळतं. आवळताना चाक त्या डोक्यावर टेकायचं आणि किंचित तिरकं व्हायचं. टॉर्क रेंच असता तरी "क्लिक" बरोबरच झाला असता, कारण रेंचला फक्त नटाचं घर्षण आणि ताण कळतो, चाक कशावर टेकलंय ते कळत नाही. मग चालताना अ‍ॅल्युमिनियम स्क्रूच्या डोक्याखाली हळूहळू दबत गेलं, त्या बाजूच्या दोन स्टडचा ताण गेला आणि ते वाकायला लागले. पहिल्या आट्यापाशी तुटणं ही थकव्याची ठरलेली जागा, कारण नटातल्या पहिल्या आट्यावर सगळ्यात जास्त भार येतो.

पानापक्कड

आता दुरुस्ती अर्धी सोडू नका.

स्क्रू बदला. योग्य तिरप्या डोक्याचा, ज्याला दुकानात सीएसके म्हणतात. नाही मिळाला तर काढून ठेवला तरी चालतो. चाक नसताना ड्रम जागेवर राहावा एवढंच त्याचं काम. चाक लागलं की ड्रमही चाकाच्या नटांनीच दाबला जातो.

चारही स्टड नवे टाका, न तुटलेले दोन धरून. तेही तेवढेच फेरे वाकलेत. त्यांच्यातली चीर डोळ्यांना दिसणार नाही.

स्टडच्या मानेवरचे खाचेदार दाते हबच्या भोकात रुततात. नवा स्टड घेताना त्या दात्यांचा व्यास जुन्याशी कॅलिपरने जुळवा, फक्त आटे जुळून उपयोग नाही. इतक्या वेळा बदलल्यामुळे भोकं सैल झाली असतील. नवा स्टड हाताने आत सरकत असेल किंवा नट फिरवताना सोबत फिरत असेल तर हब बदलायचा, गोंद किंवा वेल्डिंग नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टडचं उष्णतेने घडवलेलं पोलाद बिघडतं. बसवायला प्रेस उत्तम. नटाने ओढून बसवायचा तर जुना नट आणि वॉशर वापरा, आणि मागून आरसा धरून डोकं हबला सगळीकडून टेकलंय का बघा. अर्धवट बसलेला स्टड नंतर चालताना आत सरकतो, आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर.

हबचा चेहरा, ड्रमचा आतला आणि बाहेरचा चेहरा, चाकाचा मागचा चेहरा, सगळं तारेच्या ब्रशने स्वच्छ करा. नव्या ड्रमवर रंग असेल तर टेकायच्या जागेवरून खरवडून काढा. जमल्यास हबच्या चेहऱ्याला डायल गेज (डगमग मोजणारं काट्याचं माप) लावून फिरवून बघा आणि बेअरिंगचा प्ले तपासा. चाक इतके दिवस तिरकं फिरलंय, बेअरिंगनेही काही सोसलं असेल.

आणि ते दोन अलॉय. खड्डा फक्त स्क्रूच्या जागी असेल आणि टेकायचा बाकी चेहरा सपाट असेल तर कदाचित चालतील. पण स्टडची भोकं लांबट झाली असतील, नटाची बैठक घासली असेल किंवा भोकाभोवती केसासारखी चीर असेल तर ते चाक बाद. खड्डा भरून, घासून वापरायच्या भानगडीत पडू नका.

डोंगरपायथा

स्टडला थोडं तेल लावलं तर पुढच्या वेळी नट सहज निघतात ना? आमच्याकडे सगळे लावतात.

धातुवेडा

लावू नका, गाडीच्या पुस्तकात सांगितलं नसेल तर. आवळताना लावलेल्या जोरातला साधारण दहावा हिस्साच ताणात जातो, बाकी सगळा नटाखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात. तेलाने घर्षण कमी झालं की तोच ११० चा टॉर्क स्टडला सव्वा ते दीडपट ताणतो. १०.९ च्या एम१२ ची मर्यादा सव्वासात टनांच्या आसपास असते, तेल लावून तुम्ही तिच्या जवळ पोचता. आटे ब्रशने साफ करा आणि कोरडे ठेवा. चाक गंजून हबला चिकटण्याची भीती वाटत असेल तर हबच्या मधल्या खांद्यावर, जिथे चाकाचं मधलं भोक बसतं तिथे, अगदी पातळ बोट फिरवा ग्रीसचं. स्टडवर आणि टेकायच्या चेहऱ्यावर नाही.

वळणावळणाने

आवळायचा क्रमही सांगून ठेवतो. चाक हवेत असताना चारही नट हाताने पूर्ण चढवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने हलके आवळा म्हणजे चाक सरळ टेकतं. गाडी खाली उतरवून मग टॉर्क रेंच, पुन्हा समोरासमोर, दोन टप्प्यांत. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाक गार असताना पुन्हा तपासणी.

नवी_चालक

माझ्या गाडीला स्टड नाहीत, बोल्टच थेट हबमध्ये जातात. मला हे सगळं लागू होतं का?

पानापक्कड

होतं ताई. पकडीचं तत्त्व तेच. तुम्ही एवढं जास्त बघायचं: बोल्टची लांबी. अलॉयची जाडी वेगळी असते. हबमध्ये निदान बोल्टच्या व्यासाइतके आटे चढायला हवेत, म्हणजे १२ च्या बोल्टला १२ मिलिमीटर, १.५ च्या आट्यांचे आठ फेरे. आणि फार लांब बोल्ट आत ब्रेकच्या भागांना लागता कामा नये, बसवल्यावर चाक हाताने फिरवून ऐका.

रानवाट

काम झालं, म्हणून कळवतो. दुसऱ्या गॅरेजमध्ये समोर उभं राहून करून घेतलं. डावा हब बदलावा लागला, दोन भोकं खरंच सैल झाली होती, नवा स्टड अंगठ्याने अर्धा आत जात होता. स्टड १०.९ चे, प्रेसवर बसवले. स्क्रू सीएसके. उजवीकडे पुढे गेलेल्या अलॉयच्या एका भोकाशी बारीक चीर निघाली, ते चाक बाद केलं. दुसऱ्याचा चेहरा ठीक आहे.

पानापक्कड काकांनी विचारलं नव्हतं, पण धातुवेडांमुळे सुचलं म्हणून चाक लावायच्या आधी ड्रमच्या चेहऱ्यावर मार्करने रेघा मारल्या, चाक आवळून पुन्हा काढलं. रेघा चारही स्टडभोवती सारख्या पुसल्या गेल्या होत्या. मग शेवटचं आवळलं. शंभर किलोमीटर झाल्यावर रेंच लावला, चारही नट जागच्या जागी क्लिक झाले. टक् टक् आवाज नाही.

धातुवेडा

मार्करची युक्ती झकास. बाद केलेल्या अलॉयच्या चिरेचा जवळून फोटो टाकाल का? चीर बैठकीच्या कडेपासून निघाली की खड्ड्याच्या बाजूने, ते बघायचंय.

रानवाट

टाकतो. उजेडात काढलाय, बैठकीच्या कडेपासूनच सुरू झालेली दिसते.